अर्ध्या विटेवरची गाडी

आम्ही गवंडी माणूस. गेली बावीस वर्षे रेणापूरहून लातूरला कामाला जातो. पूर्वी सकाळी पिंपळफाट्यावर उभे राहायचे, काळी-पिवळी जीप आली की तिच्या मागच्या फळीवर एक पाय ठेवून लोंबकळत जायचे, आणि उशीर झाला की मिस्त्रीची बोलणी खायची, असा रिवाज होता. २०१४ साली आम्ही एका सोबत्याकडून जुनी स्प्लेंडर घेतली. तेव्हापासून वेळेवर कामावर जातो आणि दिवे लागायच्या आत घरी येतो. या गाडीने आमच्या घराला काय दिले ते आमच्यासारख्या हजेरीवर जगणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

गाडी जुनी म्हटली की तिचे दुखणे आलेच. दर वेळी गॅरेज परवडत नाही. पैशाचे तर आहेच, पण तिथे गाडी सोडली की दिवसाची हजेरीही जाते. म्हणून तेल बदलणे, चेन ताणणे, ब्रेक जुळवणे ही कामे आम्ही रविवारी अंगणातच करू लागलो. हाताला कामाची सवय आहे, पाने-हातोडी घरात आहेत, मग अडले कुठे? अडले ते एका साध्या गोष्टीवर. गाडी उघडायची कशी हे आम्ही शिकलो होतो. उघडलेली गाडी उभी कशी ठेवायची हे मात्र शिकलो नव्हतो.

२०२३ सालची गोष्ट. ९ एप्रिल, रविवार. १४ एप्रिल तोंडावर आला होता. वस्तीत सगळीकडे रंगरंगोटी, गाड्यांची धुणी-पुसणी चाललेली. आमच्या गाडीची चेन पार ढिली झाली होती, स्पॉकेटचे दाते झिजून टोकदार झाले होते. नवा चेनस्पॉकेटचा संच आणून ठेवला होता. बसवायचे तर मागचे चाक काढावे लागते. गॅरेजवाल्याने मजुरी अडीचशे रुपये सांगितली होती. आम्ही म्हटले, अडीचशे कशाला घालवायचे? लेकरांच्या कपड्यांना होतील.

आमच्या गाडीचा डबल स्टँड पाय झिजून तोकडा झाला होता. स्टँडवर चढवली तरी मागचे चाक जमिनीला घासायचे. म्हणून स्टँडच्या दोन्ही पायांखाली आम्ही अर्धी-अर्धी वीट सरकवली. वाचकहो, जन्मभर विटांशी खेळणाऱ्या माणसाने हे केले! चाक अधांतरी झाले, आम्ही खूश झालो. धाकटी तिसरीत होती. ती नट ठेवायचा डबा घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसली. तिला या कामाची फार हौस.

नट निघाला, पण चाकाचा दांडा गंजून घट्ट बसलेला. उजव्या बाजूने हातोडीचे चार-पाच ठोके दिले. थोडा सरकला, पुन्हा अडला. मग आम्ही डाव्या बाजूला गेलो आणि पोरीला म्हणालो, "सर बाई बाजूला, मला दांडा ओढायचाय." ती डबा घेऊन उठली आणि ओट्यावर जाऊन बसली. आम्ही तिच्याच जागी बसलो, चिमट्याने दांड्याचे डोके धरले आणि पिळून जोरात ओढले.

पुढचे सगळे एका क्षणात झाले. डाव्या पायाखालची वीट फुटली. गाडी आमच्या अंगावर आली. आम्ही मागे सरकलो, पण उजवा पाय फुटरेस्टखाली सापडला. पायात नुसती स्लिपर. घोट्यात काहीतरी मोडल्याचा आवाज आम्हाला स्वतःला ऐकू आला. आडव्या पडलेल्या गाडीतून पेट्रोल गळू लागले. चार पावलांवर पाणी तापवायची चूल पेटलेली होती. आमच्या मंडळींचे डोके ठिकाणावर होते. त्या आधी आमच्याकडे आल्याच नाहीत. त्यांनी घमेलेभर माती चुलीवर लोटली, आर विझवला, आणि मग ओरडत आमच्याकडे धावल्या. शेजाऱ्यांनी गाडी उचलली.

घोट्याचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. १४ एप्रिलची मिरवणूक आम्ही दारात बाजेवर पडून पाहिली. त्या दिवशी सुट्टीच असते, तो दिवस सोडा, रविवार सोडा, तरी पस्तीस हजेऱ्या बुडाल्या. आठशे रुपयांप्रमाणे अठ्ठावीस हजार. अडीचशे वाचवायला गेलो आणि अठ्ठावीस हजार घालवले. मंडळी शाळेत खिचडी शिजवायला जातात, त्या तुटपुंज्या मानधनावर आणि उसनवारीवर ते दिवस निघाले. पण पैशाचे दुःख पुढे विसरते. आम्हाला रात्री झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीने. जिथे फुटरेस्ट आपटला, तिथे अर्ध्या मिनिटापूर्वी धाकटी मांडी घालून बसली होती.

मंडळी एकदाच बोलल्या. "अहो, पोरगी उठली नसती तर?" एवढेच. आमच्याकडे उत्तर नव्हते.

प्लास्टरमध्ये पडलो असताना शेजारचे म्हातारे मामा रोज येऊन बसत. त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात सालगडी म्हणून बैलगाडी हाकण्यात काढला. एके दिवशी त्यांनी आमची चांगलीच हजेरी घेतली.

"आरं लेका, बैलगाडीचं चाक वंगणायला काढताना कधी बगितलंस का?"

"बघितलंय की मामा."

"मग काय बगितलंस? आधी बैल सोडायचे. जू भुईला टेकवायचं. दुसऱ्या चाकाला म्होरं-मागं दगड. कण्याखाली लाकडाचा ओंडका. इतकं झाल्यावर चाकाला हात लावायचा. तू आधी चाकाला हात लावलास आन् मग बाकीचं देवावर सोडलंस. कामून?"

आम्ही गप्प. मामा अडाणी, पण सगळे शास्त्र चार वाक्यांत सांगून मोकळे झाले. गाडी पुढे जाऊ नये, मागे जाऊ नये, खाली बसू नये, बाजूला कलू नये. या चार वाटा बंद केल्याशिवाय कोणतेही चाक काढायचे नाही.

त्यांचे बोलणे ऐकताना आम्हाला वडिलांची आठवण झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा-उमरगा भागात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. आमच्याकडे घर पडले नाही, पण मागच्या भिंतीला तडा गेला आणि ती बाहेर झुकली. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी तिला लाकडी धिरा दिला. आम्ही लहान होतो, मदतीला होतो. धिरा लावायच्या आधी त्यांनी जमीन खणून कठीण थर काढला, त्यावर सपाट दगड बसवला, दगडावर धिऱ्याचा पाय ठेवला, तो सरकू नये म्हणून मागे खुंटी ठोकली, आणि वरच्या टोकाला भिंतीशी आडवी फळी दिली. एवढे झाल्यावर आम्हाला म्हणाले, "आता भिंतीजवळून जा." सेंट्रिंगच्या कामातही हेच असते. बल्ली कितीही मजबूत असली तरी तिचा पाय मऊ मातीत असला की स्लॅब बसतो. हे आम्ही रोज पाहत होतो. फक्त आपल्या दारातल्या गाडीला ते लागू होते हे सुचले नाही.

आता जे शिकलो ते सांगतो. आमच्यासारखे रविवारी अंगणात पाने घेऊन बसणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरातल्या बायकांनीही हे वाचावे, कारण हाक मारल्यावर धावून यायचे त्यांनाच असते.

पहिली गोष्ट वजनाची. स्प्लेंडरसारख्या गाडीचे वजन सुमारे ११० किलो भरते. म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांहून जास्त. बुलेटचे त्याच्या पाऊणेदोन पट. रस्त्यावर ती आपल्याला घेऊन पळते म्हणून हलकी वाटते. पडताना ती हलकी नसते.

दुसरी गोष्ट ओळंब्याची. गाडीचे सगळे वजन एका जागी गोळा केले आणि तिथून ओळंबा सोडला, तर तो जमिनीवर जिथे गाडी टेकली आहे त्या जागांच्या मध्येच पडला पाहिजे. डबल स्टँडवर गाडी स्टँडच्या दोन पायांवर आणि एका चाकावर टेकते, म्हणजे तीन जागा झाल्या. या तीन टेकूंच्या आत ओळंबा आहे तोवर गाडी उभी. आपण ओढले, ठोकले, पिळले की तो सरकतो. एक पाय खचला की तो बाहेरच जातो. साईड स्टँडवर तर गाडी आधीच कललेली असते. तो स्टँड गाडी लावून चहा प्यायला जाण्यासाठी आहे. साईड स्टँडवर लावून चाक काढण्याच्या भानगडीत पडू नका.

तिसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्हींवर स्टँडचा पाय भरवशाचा नाही. गुळगुळीत शहाबादी फरशीवर तेल सांडले की स्टँड घसरतो. नालीकडे उतार असलेल्या ओट्यावर गाडी आपोआप सरकते. म्हणून आधी सपाट जागा पाहावी. आम्ही पाणसळ लावून पाहतो, तुम्ही पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पाहिलीत तरी कळेल. माती असेल तर स्टँडखाली रुंद, जाड, अखंड फळी घालावी. आम्ही सेंट्रिंगच्या जाड प्लायचा दोन फूट लांब, फूटभर रुंद तुकडा ठेवला आहे. दोन्ही पाय एकाच फळीवर यावेत, म्हणजे एक बाजू एकटी खचत नाही.

आणि वीट कदापि नको. गवंडी म्हणून सांगतो. वीट भिंतीत मजबूत असते, कारण तिथे तिच्यावर सगळीकडून सारखा भार येतो आणि खाली-वर चुन्याचा किंवा सिमेंटचा माल असतो. तिच्या एका कडेवर लोखंडी पाय ठेवून वरून हातोडीचे दणके दिले की ती आतून तडकते आणि आधी सांगत नाही. पोकळ सिमेंटचा ठोकळा तर विटेहून वाईट. उंची लागत असेल तर लाकूड वापरावे. लाकूड फुटायच्या आधी करकरते, दबते, आपल्याला सावध करते. आमच्या स्टँडचे खरे औषध तर फार सोपे होते. बरे झाल्यावर वेल्डिंगवाल्याकडून झिजलेल्या पायांना लोखंडी पट्टी जोडून घेतली, स्प्रिंग बदलली. मागचे चाक आपोआप अधांतरी राहू लागले. दीडशे रुपयांत काम झाले.

आता गाडी चढवण्याची रीत. डाव्या बाजूला उभे राहावे, गाडी सरळ धरावी. डावा हात हँडलला, उजवा हात मागच्या दांडीला. उजव्या पायाने स्टँड खाली दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले का ते पाहावे. ते टेकल्याचे पायाला कळते. मग हाताने उपसायचे नाही, सगळे अंग स्टँडच्या दांड्यावर टाकायचे. गाडी आपोआप मागे आणि वर जाते. कमरेला त्रास होत नाही. आमच्या मंडळी अंगाने बारीक आहेत, त्याही आता गाडी एकट्या स्टँडवर चढवतात. पायात बूट हवेत, स्लिपर नको.

डबल स्टँडवरून गाडी उतरते ती पुढे ढकलल्यावर. म्हणून काम करताना ती पुढे जाता कामा नये. याला दोन उपाय आहेत. एक, मागचे चाक काढायचे असेल तेव्हा पुढचे चाक जमिनीवर टेकलेले असते. त्याचा ब्रेक दाबून तो दांडा जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला आवळून बांधावा. चाकाच्या पुढे-मागे दगड लावावेत. दोन, स्टँड मागे दुमडू नये म्हणून त्याची आडवी दांडी दोरीने इंजिनापुढच्या चौकटीच्या नळीला ताणून बांधावी. तिथेच सायलेन्सरची नळी असते, म्हणून गाडी पुरती निवल्यावरच. एवढे झाले की मागची दांडी धरून गाडी हलकेच हलवून पाहावी. आत्ता हलली तर चाक काढल्यावर पडणारच, असे समजावे.

घट्ट नट गाडी उचलायच्या आधीच सैल करावा. दोन्ही चाके जमिनीवर, घरातल्या कुणी मोठ्या माणसाने हँडल धरलेले, मागचा ब्रेक दाबलेला, अशा वेळी पाना लावावा आणि जोर खाली पडेल असा लावावा. फक्त सैल करायचा, काढायचा नाही. मग स्टँडवर चढवून हाताच्या बोटांनी काढता येतो. दांडा गंजला असेल तर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे. आम्ही हे केले असते तर ओढायची पाळीच आली नसती. बसवतानाही तसेच. शेवटचा आवळा गाडी जमिनीवर उतरवून द्यावा.

पुढचे चाक काढायचे असेल तर गोष्ट थोडी अवघड आहे. तेव्हा पुढची बाजू अधांतरी राहिली पाहिजे. एका माणसाने मागून गाडी दाबून धरावी, दुसऱ्याने इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि त्यावर फळी सरकवावी. टेकू सायलेन्सरला लागू नये, तेल सोडायच्या बोल्टवर येऊ नये. मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड आणि गाडी गिअरमध्ये. स्टँडची दोरी इथेही हवीच. एकट्याने हे काम करू नये. सोबतीला कुणी नसेल तर त्या दिवशी पुढचे चाक राहू द्यावे.

पेट्रोलचे आम्ही अनुभवाने शिकलो. जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असतो, तो आधी बंद करावा. अंगणात चूल, शेगडी, बिडी काही नको. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण जमिनीलगत पसरत जाते. जवळ घमेलेभर माती ठेवावी. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कॉक नसतो, पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने जाते. त्या नळ्यांना घरी हात लावू नये.

चेनला तेल देताना काही मुले गाडी डबल स्टँडवर चालू करून गिअर टाकतात आणि फिरत्या चेनवर फडके धरतात. फडके ओढले जाते, मागोमाग बोट जाते. स्पॉकेटच्या दात्यात गेलेले बोट परत येत नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर सोडलेला, आणि चाक हाताने फिरवत तेल द्यावे. दहा मिनिटे जास्त लागतील.

आता तरुणांच्या बऱ्याच गाड्यांना डबल स्टँडच येत नाही. त्यांना मागच्या चाकाच्या दांड्याला धरणाऱ्या चौकटीखाली (स्विंगआर्मखाली) लावायचा वेगळा स्टँड मिळतो. तो नसेल तर चाक काढायचे काम गॅरेजात द्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. एवढे करूनही गाडी कलू लागली, तर ती धरू नका. बाजूला व्हा. हात आपोआप पुढे जातो, कारण गाडी कष्टाची असते, हप्त्याची असते. पण टाकीला पोचा आला तर ठोकून निघतो, आरसा फुटला तर दुसरा मिळतो. हाताला आणि पायाला तसे नाही. हे घरातल्या लेकरांनाही सांगून ठेवा. गाडी पडताना पाहिली की त्यांनी आपल्याला वाचवायला धावायचे नाही, लांब पळायचे. आणि उभ्या गाडीवर चढून खेळायचे नाही, मग ती स्टँडवर का असेना.

प्लास्टर निघाल्यावरही तीन आठवडे परांचीवर चढता आले नाही. त्या दिवसांत आम्ही आणि धाकटीने मिळून एक रिकामे खोके तयार केले. त्यात प्लायचा तुकडा, दोन लाकडी ठोकळे, चार दगड, दोरी, ट्यूबच्या पट्ट्या एवढे सामान आहे. झाकणावर तिने वहीच्या कागदावर लिहून चिकटवले आहे: सपाट जागा. फळी. दगड. ब्रेक. दोरी. चूल. बूट. रविवारी आम्ही पाने काढले की ती ओट्यावरून एकेक वाचते आणि आम्ही "झाले" म्हणतो. ओट्याच्या खाली उतरायची तिला परवानगी नाही. नटांचा डबाही आता ओट्यावरच असतो.

मागच्या रविवारी "दोरी" म्हटल्यावर आम्ही सवयीने "झाले" म्हणालो. ती उठली, वाकून पाहिले, आणि म्हणाली, "पप्पा, दोरी खोक्यातच आहे."

आम्ही पाना खाली ठेवला आणि आधी दोरी बांधली.